सोलापूरच्या केबल व्यावसायिकाने स्वतःचं इंटरनेट लायसन्स घ्यावं, की कंपनीसोबत भागीदारी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पूर्व भाग आणि जुळे सोलापूर मिळून ९०० केबल टीव्ही कनेक्शन आहेत आणि ती दरवर्षी घटत आहेत. त्याच गल्ल्यांत फायबर टाकून इंटरनेट द्यायचं आहे. एक मोठी कंपनी निम्म्या वाट्यावर भागीदारी द्यायला तयार आहे. दुसरीकडे ओळखीचे लोक सांगतात की जिल्ह्यापुरतं 'सी' वर्गाचं लायसन्स काढा, प्रवेश शुल्क अवघं २० हजार आहे. यातलं काय करावं?

माझं मत आधी सांगतो. आज भागीदारी करा, पण फायबर स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या नावावर टाका. लायसन्सचा विचार इंटरनेटचे ग्राहक हजाराच्या पुढे गेल्यावर करा. एका गल्लीत टाकलेल्या फायबरवर किती घरं बसतात आणि ती फायबर कागदोपत्री कोणाची आहे, या दोन गोष्टींवर धंदा तरतो किंवा बुडतो. लायसन्स कोणाचं, हा त्यानंतरचा प्रश्न.

युनिफाइड लायसन्समध्ये इंटरनेट सेवेचे तीन वर्ग आहेत. 'ए' देशभरासाठी, प्रवेश शुल्क ३० लाख. 'बी' एका दूरसंचार परिमंडळासाठी, २ लाख. आपल्या परिमंडळात मुंबई सोडून महाराष्ट्र आणि सोबत गोवा येतो. 'सी' एका एसएसएसाठी, म्हणजे ढोबळमानाने जिल्ह्यासाठी, २० हजार. याशिवाय अर्जाचं शुल्क आणि बँक गॅरंटी. दूरसंचार कायदा २०२३ आल्यापासून ही सगळी चौकट 'लायसन्स'कडून 'ऑथरायझेशन'कडे सरकते आहे, त्यामुळे अर्ज करताना दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर त्या दिवशी जे शुल्क दिसेल तेच धरा, जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

२० हजार ही रक्कम फसवी आहे, कारण खरा खर्च लायसन्स हातात पडल्यावर सुरू होतो. पहिली गोष्ट लायसन्स फी. समायोजित सकल महसुलाच्या, म्हणजे एजीआरच्या, ८ टक्के. त्यातले ५ टक्के पूर्वीच्या युनिव्हर्सल सर्व्हिस फंडासाठी, ज्याचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. पहिल्या तीन तिमाहींची फी तिमाही संपल्यावर १५ दिवसांत भरायची आणि चौथ्या तिमाहीची २५ मार्चपर्यंत, अंदाजित महसुलावर. लहान लायसन्सधारक नेमके इथे अडकतात. मार्चची तारीख चुकते, त्यावर व्याज चढतं. ऑक्टोबर २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मोठ्या कंपन्यांकडे जी सुमारे ९२ हजार कोटींची थकबाकी निघाली होती, तिच्यात मूळ लायसन्स फी सुमारे २३ हजार कोटींची होती. बाकी व्याज, दंड आणि दंडावरचं व्याज. २०२१ च्या सुधारणांनी नियम सौम्य केले. दंड काढला, व्याज मासिकऐवजी वार्षिक चक्रवाढीने लागू झालं आणि बिगर-दूरसंचार उत्पन्न एजीआरमधून वगळलं. पण शिस्त तीच लागते. केबल टीव्हीचं उत्पन्न, इंटरनेटचं उत्पन्न आणि राउटरविक्री या तिन्हींची खाती पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

दुसरा खर्च नोंदींचा. कोणत्या ग्राहकाने कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता वापरला, याच्या नोंदी दोन वर्षं ठेवाव्या लागतात. डिसेंबर २०२१ मध्ये ही मुदत एक वर्षावरून दोन वर्षं झाली. आयपीव्ही४ पत्ते संपत आल्याने ते वाटणाऱ्या संस्थेकडून नव्या सभासदाला जास्तीत जास्त ५१२ पत्ते मिळतात. म्हणजे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरं बसवायची, त्यासाठी कॅरियर-ग्रेड नॅट लावायचं, आणि मग प्रत्येक भाषांतराची पोर्टसहित नोंद जपायची. पोलिसांची चौकशी आली आणि नोंद सापडली नाही, तर जबाबदार लायसन्सधारकच. ग्राहकांना आयपीव्ही६ सुरू करून दिलं की नॅटवरचा भार आणि नोंदींचा ढीग दोन्ही लक्षणीय कमी होतात. ते पहिल्याच महिन्यात करा, नंतर कोणी करत नाही.

तिसरं, यंत्रसामग्री. राष्ट्रीय सुरक्षा निर्देशानुसार १५ जून २०२१ पासून लायसन्सधारकाने नेटवर्कमध्ये जोडायची उपकरणं विश्वासार्ह स्रोताचीच हवीत, आणि त्यासाठी पोर्टलवर मंजुरी घ्यावी लागते. बाजारात मिळणारा स्वस्त, बिननावाचा ओएलटी (सगळ्या घरांची फायबर जिथे येते ते आपल्याकडचं मुख्य यंत्र) उचलून आणला, तर तो चालतो आणि कागदावर मात्र अडकतो.

आता हिशेब. यातले दर उदाहरणादाखल धरले आहेत, तुमचे दर घालून हाच हिशेब पुन्हा मांडा. समजा ग्राहकाकडून जीएसटी सोडून महिना ५०० रुपये येतात. निम्म्या वाट्यात तुमच्या हातात २५०. स्वतःचं लायसन्स असेल तर ५०० मधून बँडविड्थ जाईल. रात्री ९ ते ११ या गर्दीच्या वेळी दर ग्राहकामागे सरासरी २ ते ३ एमबीपीएस लागतात असं धरून चला. अडीच एमबीपीएस आणि दर ३० रुपये धरला तर ७५ रुपये. लायसन्स फी ४०. उरले ३८५. म्हणजे स्वतःच्या लायसन्समुळे दर ग्राहकामागे १३५ रुपये जास्त. पण त्यासाठी दरमहा स्थिर खर्च उभा राहतो: पाळीत काम करणारी दोन माणसं, बीएनजी राउटर (ग्राहकांचं लॉगिन आणि वेग सांभाळणारा), बिलिंग सॉफ्टवेअर, नोंदींचा सर्व्हर, ऑडिट, आणि दुसऱ्या मार्गाने येणारी पर्यायी लिंक. तो दीड लाख धरला तर बरोबरी १,१११ ग्राहकांवर होते. वाटा ५० ऐवजी ६० टक्के मिळाला, तर फरक ८५ रुपयांवर येतो आणि हीच बरोबरी १,७६५ वर जाते. तुमच्या ९०० केबल ग्राहकांपैकी पहिल्या दोन वर्षांत साडेतीनशे-चारशे जरी इंटरनेटवर आले तरी काम चांगलं झालं म्हणायचं. म्हणून आज लायसन्ससाठी धावण्यापेक्षा वाट्याच्या दहा टक्क्यांसाठी भांडण्यात जास्त पैसा आहे.

पर्यायी लिंकचा खर्च वगळून चालत नाही. सोलापूर ते पुणे सुमारे २५० किलोमीटर आणि बहुतेकांची फायबर त्याच राष्ट्रीय महामार्ग ६५ च्या कडेने जाते. दोन वेगळ्या कंपन्यांकडून दोन लिंक घेतल्या आणि दोन्ही एकाच चरातून गेल्या, तर एका जेसीबीने दोन्ही तुटतात. दुसरी लिंक हैदराबादकडून किंवा विजापूरमार्गे येते का, ते विचारा आणि मार्गाचा नकाशा लेखी घ्या. बँडविड्थचा एक दर नसतो, हेही लक्षात ठेवा. व्हिडिओ आणि समाजमाध्यमांचा बराचसा ओघ कंपन्यांच्या कॅशमधून, म्हणजे जवळ ठेवलेल्या साठ्याच्या सर्व्हरमधून, येतो आणि लहान आयएसपीला (इंटरनेट पुरवठादाराला) कॅश थेट मिळत नाही. वरच्या पुरवठादाराकडून कॅशचा ओघ वेगळ्या, कमी दराने मागायचा असतो. जो न मागता एकच दर स्वीकारतो तो सगळ्या ओघाचे जास्त पैसे भरतो.

हा झाला लायसन्सचा हिशेब. गल्लीचा हिशेब याहून महत्त्वाचा आहे. समजा एका गल्लीत १०० घरं आहेत आणि केबल, बॉक्स, स्प्लिटर (एका फायबरचे अनेक फाटे करणारा), जॉइंटिंग धरून ९० हजार लागले. १५ घरांनी कनेक्शन घेतलं तर घरामागे ६,००० पडतात. ४० घरांनी घेतलं तर २,२५०. त्यात ओएनटी (ग्राहकाच्या घरातलं फायबरचं यंत्र), ड्रॉप केबल (बॉक्सपासून घरापर्यंतची) आणि मजुरीचे २,५०० मिळवा. तुमच्या २५० मधून देखभालीचे ९० वजा केले तर १६० उरतात. १५ घरांच्या गल्लीत गुंतवणूक वसूल व्हायला ५३ महिने लागतात, ४० घरांच्या गल्लीत ३०. चार-पाच वर्षांत ओएनटी बदलायची वेळ येतेच, म्हणजे पहिल्या गल्लीत पैसे सुटायच्या आतच पुन्हा खर्च उभा. फायबर टाकायच्या आधी घरोघरी जाऊन नोंदणी घ्या, थोडी अनामत घ्या, आणि शंभरात तीस नावं पडल्याशिवाय ती गल्ली उघडू नका.

या दृष्टीने तुमचे दोन भाग अगदी वेगळे आहेत. पूर्व भागात घरं एकमेकांना लागून, खाली माग आणि वर राहणं, कमी केबलमध्ये जास्त घरं. ग्राहक दराला चोख, पण वर्षानुवर्षं ओळखीचा. जुळे सोलापुरात प्लॉट मोठे, अंतर जास्त, आणि मोठ्या कंपन्यांची फायबर आधीच खांबांवर. तिथे बंगल्यांच्या मागे न लागता अपार्टमेंट धरा: चोवीस फ्लॅटच्या इमारतीत जिन्याखाली १:३२ चा, म्हणजे एका फायबरचे ३२ फाटे करणारा, एक बॉक्स, सोसायटीचं लेखी संमतिपत्र आणि कमी ड्रॉप. दराच्या स्पर्धेत उतरू नका. ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसचा प्लॅन २०२० पासून बाजारात आहे आणि आता ५जी एअरफायबर छतावर बसतं. तुमच्याकडे जे आहे ते म्हणजे दोन तासांत दारात येणारा माणूस. तेच विका आणि त्याचेच पैसे घ्या.

तांत्रिक बाजूला केबल टीव्हीची एक सवय नडते, ती म्हणजे कपलरची (प्रकाशाचा छोटा वाटा टॅपने बाजूला काढणाऱ्या जोडाची) साखळी. एका फायबरवर ९०-१० चे कपलर एकापुढे एक लावत गेलं की टीव्हीचा सिग्नल पोचतो, कारण मध्ये ॲम्प्लिफायर असतो. पॉनमध्ये, म्हणजे घरोघरी इंटरनेट नेणाऱ्या या फायबरच्या जाळ्यात, मध्ये काहीच नसतं. जीपॉन या प्रकारातल्या बी-प्लस वर्गाच्या मॉड्यूलला प्रकाशाचं एकूण २८ डीबी (डेसिबल) नुकसान सोसतं. हिशेब असा करा: १:६४ चं विभाजन सुमारे २०.५ डीबी, पाच किलोमीटर फायबर १.७५, आठ जॉइंट ०.८, चार कनेक्टर १.६. बेरीज २४.६५, म्हणजे ३.३५ डीबीची शिल्लक. ओएलटीमधून अधिक ३ डीबीएम निघाले तर घरात उणे २१.६५ मिळतील, उत्तम. आता सात कपलरची साखळी घ्या: पहिल्या सहांच्या सरळ मार्गाचे प्रत्येकी ०.७ म्हणजे ४.२, शेवटच्या टॅपचे साडेदहा, पुढे १:८ चे आणखी साडेदहा. फायबर आणि कनेक्टर मोजायच्या आधीच २५.२ झाले. असं घर हिवाळ्यात चालतं आणि उन्हाळ्यात दिवसातून चार वेळा बंद पडतं. ओएनटीची मर्यादा उणे २७ आहे, पण घरात उणे २४ पेक्षा वाईट वाचन आलं तर कनेक्शन सुरू न करता जॉइंट पुन्हा करा. विभाजन दोनच टप्प्यांत ठेवा: चौकातल्या बॉक्समध्ये १:८ आणि गल्लीत १:८.

बहुतेक तक्रारींचं मूळ तीन-चार गोष्टींत असतं. हिरवा एपीसी कनेक्टर निळ्या यूपीसीत घुसवलेला. पुसल्याशिवाय जोडलेला पॅच कॉर्ड. कपाटामागे घट्ट वळवलेली ड्रॉप, घरात जी.६५७ प्रकारचीच फायबर वापरा, ती वळण सोसते. आणि बिघडलेला एखादा ओएनटी, जो आपली वेळ सोडून सतत प्रकाश टाकत राहतो आणि पोर्टवरची सगळी घरं बंद पाडतो. तेव्हा स्प्लिटरचे पाय एकेक करून काढून तो शोधावा लागतो. त्यासाठी प्रत्येक पायावर ग्राहकाचा क्रमांक लिहिलेला हवा. ओटीडीआर (फायबर कुठे तुटली ते दाखवणारं यंत्र) महाग आहे, पण पॉवर मीटर आणि लाल प्रकाशाची पेन प्रत्येक मुलाच्या पिशवीत हवीच.

दुसरी चूक अपलिंकची, म्हणजे ओएलटीपासून वर जाणाऱ्या जोडणीची. आठ पोर्टच्या ओएलटीवर ५१२ घरं बसतात. अडीच एमबीपीएसने गर्दीच्या वेळी १.२८ जीबीपीएस लागतात. ओएलटी मात्र अनेक ठिकाणी १ जीबीपीएसच्या एसएफपी मॉड्यूलवर लटकवलेला असतो. मग रात्री साडेनऊला सगळ्या पोर्टवर एकदम वेग पडतो आणि माणसं घरोघरी जाऊन ओएनटी बदलत बसतात. ओएलटी घेतानाच १० जीबीपीएसचा अपलिंक पाहा.

सोलापूरचं ऊन हा वेगळा खर्च आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या खोलीत त्याहून वर. साध्या लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं. त्यावर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होतं. ओएलटी पक्क्या छताच्या, तळमजल्याच्या खोलीत ठेवा. पूर्व भागात मागाचं सूत हवेत उडतं आणि पंख्याच्या जाळीवर थर साचतो. महिन्यातून एकदा जाळी झटकली नाही तर ओएलटी तापून स्वतः बंद होतो. मागांची मोटर चालू-बंद होताना विजेचा दाबही हलतो, त्यामुळे तिथे स्टॅबिलायझर आणि खरं अर्थिंग दोन्ही लागतात.

आता मार्गाधिकाराबद्दल, म्हणजे रस्त्यावरून आणि खांबांवरून केबल नेण्याच्या हक्काबद्दल. खांबांवरून केबल नेणं स्वस्त आणि जलद आहे, पण तोंडी परवानगीवर उभं केलेलं नेटवर्क एका मोहिमेत कापलं जातं. महावितरणच्या खांबांसाठी त्यांचा करार, महापालिकेच्या रस्त्यासाठी खोदाईची परवानगी आणि रस्ता पूर्ववत करण्याचा खर्च, हे कागद हवेतच. २०१६ च्या मार्गाधिकार नियमांनी भूमिगत केबलसाठी प्रशासकीय शुल्काला किलोमीटरमागे १,००० रुपयांची मर्यादा घातली. २०२२ च्या दुरुस्तीने दिव्याच्या खांबांसारख्या रस्त्यावरच्या सुविधांवरून केबल नेण्याचा वार्षिक दर ठरवला. आणि २०२३ च्या कायद्याखालचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. पण इथे एक गाठ आहे: हे हक्क लायसन्सधारकाला किंवा आयपी-१ नोंदणी असलेल्या पायाभूत सुविधा पुरवठादाराला मिळतात, नुसत्या केबलवाल्याला नाही. म्हणून अर्ज भागीदार कंपनीच्या नावाने करावा लागतो. तसं केलंत तर परवानगी कंपनीच्या नावावर आणि फायबर तुमची, असं चित्र होतं. ते करारात स्पष्ट लिहून घेतलं नाही, तर उद्या दोन्ही कंपनीचंच ठरतं. फायबर पुरेशी पसरली की आयपी-१ ची नोंदणी हा मधला मार्ग चांगला आहे. मग तुम्ही डार्क फायबर (यंत्रं न जोडलेली मोकळी फायबर) एकाहून जास्त कंपन्यांना भाड्याने देऊ शकता.

केबल कुठे उंच घ्यायची, हे इथल्या माणसाला सांगायला नको. गळीत हंगामात उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या ज्या रस्त्यांनी कारखान्याकडे जातात तिथे झोल पडलेली केबल टिकत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या नंदीध्वजांचा मार्ग मोकळा ठेवावा लागतो. त्या मार्गावर केबल आडवी नेऊच नका, नेलीच तर काढता येईल असा जॉइंट दोन्ही बाजूंना ठेवा. जमिनीखालून जाताना काळ्या मातीत डक्टचे कपलर उन्हाळ्यात ओढले जाऊन निसटतात, म्हणून प्रत्येक चेंबरमध्ये थोडी केबल वळसे घालून शिल्लक ठेवा. कोणी खोदणार असेल तर 'कॉल बिफोर यू डिग' ॲपवर सूचना यायला तुमच्या मार्गाची नोंद कंपनीकडून तिथे झालेली असायला हवी.

एक मार्ग मात्र अजिबात धरू नका. कंपनीकडून ऑफिससाठी म्हणून लीज लाइन घ्यायची आणि ती घरोघरी वाटायची, असा सल्ला देणारे भेटतील. विनापरवाना दूरसंचार सेवा देणं हा २०२३ च्या कायद्याच्या कलम ४२ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही. केबल टीव्हीची नोंदणी इंटरनेटसाठी चालत नाही.

आता करार. कंपनीचा मसुदा आला की सहीच्या आधी या गोष्टी पाहा. वाटा कशावर मोजला जातो: ग्राहकाने भरलेल्या मूळ रकमेवर, की लायसन्स फी आणि 'इतर वजावटी' काढून उरलेल्या रकमेवर? वजावटी मोकळ्या सोडल्या तर ५० टक्के प्रत्यक्षात ४० होतात. कंपनीने स्वतःहून दर उतरवला तर तुमच्यासाठी ग्राहकामागे किमान किती रुपये निश्चित? हे कलम नसेल तर त्यांच्या जाहिरातीचा खर्च तुम्ही उचलता. तुमच्या नोडपर्यंतच्या लिंकचं भाडं कोणाचं? फायबर, बॉक्स आणि ओएनटी कोणाची, हे मार्गनिहाय किलोमीटर आणि कोअरच्या (केबलमधल्या तंतूंच्या) संख्येसह परिशिष्टात हवं आणि दर सहा महिन्यांनी त्यावर दोघांच्या सह्या. करार संपल्यावर किती महिने तुम्ही दुसऱ्या कंपनीसोबत काम करायचं नाही, असं कलम बहुतेक मसुद्यांत असतं. ते काढून घ्या, नाहीच निघालं तर तीन महिन्यांवर आणा. कंपनीची वरची लिंक बंद पडली तर ग्राहकाला द्यायची सूट कोणाच्या वाट्यातून? आणि वाद झाला तर लवाद सोलापुरात, दिल्लीत नव्हे.

तालुक्यांकडे सरकायचं असेल, मोहोळ किंवा अक्कलकोटच्या बाजूला, तर बीएसएनएलची फायबर-भागीदारीही ताडून पाहा. ग्रामपंचायतींपर्यंत सरकारच्या भारतनेट योजनेची फायबर आहे आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित कार्यक्रमात ती रिंगच्या रचनेत जोडायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालेल. एखाद्या गावात प्रत्यक्षात ती चालू आहे का, हे ग्रामपंचायतीत जाऊन दिवा जळतो का ते बघूनच ठरवा. शहरात मात्र घरांच्या जोडीला अक्कलकोट रोड एमआयडीसीतले कारखाने, दवाखाने आणि सीएंची कार्यालयं मिळून वीस-पंचवीस व्यावसायिक कनेक्शन आधी मिळवा. स्थिर आयपी, चार तासांत दुरुस्तीची लेखी हमी आणि दोन मार्गांनी जोडणी दिली तर असं एक कनेक्शन आठ-दहा घरांएवढं उत्पन्न देतं, आणि त्या रस्त्याची फायबर तेच फेडून टाकतं.